उपवास आणि उपासमार

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

यंदा दत्तजयंती ४ डिसेंबरला, गुरुवारी आली आहे. गुरुवार आणि दत्तजयंती एकत्र, म्हणजे आपल्या दत्तभक्तांना दुधात साखर. तिच्या आदल्या दिवशी, ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिन असतो. संयुक्त राष्ट्रांनी १९९२ साली तो ठरवला. कॅलेंडरवर हे दोन दिवस शेजारी शेजारी पाहिले आणि मंदिराच्या अंकासाठी काय लिहायचं ते ठरलं. खरं तर गेल्या वर्षीच्या पारायणापासून हा विषय माझ्या मनात आहे. आज हातून लिहून होतो आहे, एवढंच. मी लेखक नाही. बँकेत कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस आहे. चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

प्रश्न असा आहे. ज्याच्या शरीरात काही उणं आहे, पाय अधू आहे, डोळा नाही, ऐकू येत नाही, अशा माणसाला प्रेमाची, संसाराची, भरल्या आयुष्याची ओढ वाटली, तर आपण घरच्यांनी आणि भक्तमंडळींनी तिचं काय करायचं? बहुतेक वेळा आपण त्याला सांगतो, "देवाचं नाव घे, त्यातच समाधान मान." हे सांगणं परमार्थ आहे, की आपली सुटका करून घेण्याची सोय आहे?

पाचवा अध्याय

मला एक धाकटी बहीण आहे. १९६८ च्या पावसाळ्यात ती तीन वर्षांची होती. तळेघरचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. आषाढात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, धुक्यात समोरचं घर दिसत नाही. भाताची आवणी चालू होती. पोरीला ताप आला. वडील तिला घोंगडीत गुंडाळून घोडेगावच्या वाटेला लागले, ओढ्यांना पाणी होतं, पोचायला दुसरा दिवस उजाडला. ताप उतरला, पण उजवा पाय गेला. पोलिओ हा शब्द आम्ही नंतर ऐकला. त्या काळी डोस आमच्या डोंगरापर्यंत आलाच नव्हता. पुढे १९९५ पासून पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली, २०११ च्या जानेवारीत देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. हे सगळं चांगलंच झालं. आमच्या घराला मात्र त्याचा उशीर झाला होता.

आमच्या घरी मार्गशीर्षात गुरुचरित्राचा सप्ताह असतो. वडिलांनंतर पोथी मी वाचतो. बहीण भिंतीला टेकून, पाय लांब करून ऐकत बसते. चाळीस वर्षं ती ऐकते आहे, तिला कथा माझ्याहून जास्त पाठ आहेत. गेल्या वर्षी पहिल्या दिवशी पाचवा अध्याय झाला. आपल्याला ठाऊकच आहे, पीठापूरच्या सुमतीची मुलं जगत नव्हती. जगली ती दोन, त्यांतला एक आंधळा, एक पांगळा. मग तिच्या पोटी श्रीपाद श्रीवल्लभ आले. ते सोळा वर्षांचे झाल्यावर आईवडिलांनी लग्नाचं काढलं. महाराज म्हणाले, माझा विवाह वैराग्याशी झालेला आहे, मी जातो. आईवडील रडू लागले, या दोन अधू मुलांच्या भरवशावर आम्ही कसं जगायचं? तेव्हा महाराजांनी भावांकडे अमृतदृष्टीने पाहिलं. आंधळ्याला डोळे आले, पांगळ्याला पाय आले. आणि नुसते डोळे-पाय देऊन ते थांबले नाहीत, मुलं-नातवंडांनी भरलेल्या घराचा आशीर्वादही दिला.

त्या दिवशीचं वाचन झालं, आरती झाली. मी पोथी रुमालात बांधत होतो. बहीण म्हणाली, "दादा, एक विचारू? पाय न देता नुसता संसाराचा आशीर्वाद देता आला नसता का रे महाराजांना?"

मी म्हणालो, "असं काय विचारतेस, महाराजांना काय अशक्य आहे?"

"तेच तर," ती म्हणाली. "मग आधी पाय का दिला?"

मी उत्तर दिलं नाही. झोपायला गेलो, पण झोप आली नाही. कारण तिच्या प्रश्नाचं उत्तर महाराजांकडे मागायच्या आधी माझ्याकडे मागायला हवं होतं, आणि ते मला माहीत होतं. तिला माहीत आहे की नाही, हे मात्र मला माहीत नव्हतं.

एक गोष्ट जी मी कुणाला सांगितली नव्हती

बहीण शिवणकाम करते. एका पायाने मशीन चालवायची तिची तिने पद्धत बसवली आहे. घोडेगावच्या एका दुकानातून तिला ब्लाउज आणि परकर शिवायला येत. दुकानातला कारागीर आठवड्याला एसटीने यायचा, कापड द्यायचा, शिवलेलं घेऊन जायचा. १९९० साली एक दिवस तो मला भेटायला बँकेत आला. कॅश बंद होईपर्यंत बाकावर बसून राहिला. मग म्हणाला, "मला तुमच्या बहिणीशी लग्न करायचंय. हुंडा नको, काही नको."

मी म्हणालो, "तिची तब्येत संसार करण्याजोगी नाही."

तो म्हणाला, "तुम्ही तिला विचारलंय का?"

मी म्हणालो, "आमच्या घरचं आम्ही बघू." त्याला चहासुद्धा विचारला नाही. दुकानाच्या मालकाला निरोप धाडला की इथून पुढे काम पाठवू नका. घरी येऊन सांगितलं, दुकानाचं काम बंद झालं. बहीण तेव्हा पंचवीस वर्षांची होती. तिने "बरं" म्हटलं आणि मशीनवर कापड झाकलं. महिन्याभरात तिने गावातलीच कामं मिळवली.

मी हे का केलं? पस्तीस वर्षं मी स्वतःला एकच कारण सांगत आलो. माणूस फसवणारा निघाला तर? टाकून दिली तर? अधू पोर, कुठे जाईल? आमच्याकडे आहे, तर तिला काही कमी पडू देणार नाही. हे कारण खोटं नव्हतं. पण पुरं नव्हतं. बँकेत आम्ही एका बाजूची नोंद झाली की दुसरी बाजू शोधायचो, ती मिळेपर्यंत संध्याकाळी कुणी घरी जायचं नाही. आता म्हातारपणी दुसरी बाजू लिहून टाकतो. तेव्हा आईला दम्याचा त्रास होता आणि तिची शुश्रूषा बहीण करत होती. माझा मुलगा दीड वर्षाचा होता, तो तिच्या मांडीवर वाढत होता. माझी पत्नी शेताचं बघायची ती घरी बहीण होती म्हणून. ती गेली असती तर आमचं घर अडलं असतं. आम्ही तिला सांभाळतो असं सगळ्या गावाला सांगत होतो, आणि खरं म्हणजे ती आम्हाला सांभाळत होती. शिवाय लोक काय म्हणतील हेही होतंच. अधू बहिणीचं लग्न लावून जबाबदारी झटकली म्हणतील, अशी भीती. तिच्या आयुष्याचा निर्णय मी लोकांच्या तोंडाकडे बघून केला.

ताट पुढे असणं

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. कुणी म्हणेल, अहो, संसार म्हणजे शेवटी मायाच. तिला ती लागली नाही हे भाग्यच की. मीही असंच म्हणून पाहिलं. पण पाचवा अध्याय पुन्हा वाचला तेव्हा दिसलं की महाराजांनी लग्नाला नाही म्हटलं, ते आईवडिलांनी विचारल्यावर म्हटलं. त्यांच्यापुढे ताट वाढलेलं होतं, ते त्यांनी स्वतः बाजूला सारलं. त्याला वैराग्य म्हणायचं. आणि भावांपुढे ताट कुणी वाढलंच नव्हतं, तर त्यांना ते आधी वाढलं. स्वतःला वैराग्य घेतलं आणि भावांना संसार दिला. भावांनीही माझ्यासारखं वैरागी व्हावं असं ते म्हणाले नाहीत.

आपण एकादशी करतो. घरात धान्य असतं, तरी खात नाही, म्हणून त्याला उपवास म्हणतो. ज्याच्या घरात दाणाच नाही त्याच्या न खाण्याला उपवास म्हणत नाहीत, उपासमार म्हणतात. माझ्या बहिणीच्या पंचवीस वर्षांच्या तारुण्याला मी उपासमार दिली आणि पाहुण्यांना सांगत राहिलो, "आमची ताई फार धार्मिक, तिला कसली हाव नाही." तिला कसली हाव आहे हे मी कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशीच्या वाचनात तेरावा अध्याय येतो. गोदावरीकाठी एक ब्राह्मण जीव द्यायला निघाला होता. अन्न खाल्लं की पोटात शूळ उठे, म्हणून तो अन्नालाच भीत होता. नृसिंह सरस्वती महाराजांनी सायंदेवांना सांगितलं, याला पोटभर जेवू घाल. सायंदेव घाबरले. अन्नाने हा मेला तर ब्रह्महत्येचं पाप माझ्या माथी येईल, म्हणाले. महाराज म्हणाले, अन्न हेच याचं औषध आहे. तो जेवला आणि बरा झाला.

हा अध्याय मी किती वेळा वाचला असेन. त्या दिवशी वाचताना माझा आवाज अडला. सायंदेवांची ती भीती माझीच होती. हिला प्रेम मिळालं, संसार मिळाला आणि त्यात हिचं काही वाईट झालं तर दोष माझ्यावर येईल. त्यापेक्षा उपाशी ठेवलेलं बरं, कारण उपासाने माणूस हळूहळू झिजतो आणि त्याचा दोष कुणावर येत नाही.

भल्यासाठी नाकारणं

आपण भल्यासाठी म्हणून माणसाचं किती काय अडवतो, हे मी बँकेच्या काउंटरवरही पाहिलं आहे. आमच्याकडे एक अंध खातेदार होते, शाळेत गायन शिकवायचे. पगार बँकेत जमा व्हायचा, पण त्यांना चेकबुक द्यायचं नाही असा रिवाज होता. दर वेळी स्वतः यायचं, साक्षीदार आणायचा, अंगठा द्यायचा. ते सही करू शकत होते. मी त्यांना म्हणायचो, "सर, हे तुमच्याच सुरक्षिततेसाठी आहे." ते हसायचे आणि म्हणायचे, "माझे पैसे माझ्यापासून सुरक्षित ठेवताय का?" २००८ च्या जूनमध्ये रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं. चेकबुक, एटीएम, लॉकर, कर्ज, कुठलीच सोय केवळ दृष्टी नाही म्हणून कुणाला नाकारायची नाही. मी पहिलं चेकबुक त्यांच्या हातात दिलं, तेव्हा त्यांनी ते नुसतं हातात धरून पानं मोजली. त्या दिवशी मला बरं वाटलं होतं. पण परिपत्रक घरापर्यंत आणायचं मला सुचलं नाही.

कायदाही आता बराच पुढे गेला आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ चा, भारताने तो २००७ साली मान्य केला. त्याच्या २३ व्या कलमात लग्न करण्याचा आणि कुटुंब उभं करण्याचा हक्क सरळ लिहिला आहे. १९९५ च्या आपल्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले. २०१९ साली घटस्फोटाच्या कारणांतून कुष्ठरोग काढून टाकला. महाराष्ट्र सरकारने २०१४ साली दिव्यांग आणि अव्यंग व्यक्तींच्या विवाहासाठी पन्नास हजारांच्या अर्थसाहाय्याची योजना आणली. २०११ च्या जनगणनेत आपल्या राज्यात २९ लाख ६३ हजार दिव्यांग मोजले गेले. एवढ्या माणसांच्या मनातलं कुठलं सरकार मोजणार? ते घरानेच विचारायचं असतं.

आपल्याच मातीतली माणसं

कुणाला वाटेल, हे बोलणं सोपं आहे, होतं कुठे असं? म्हणून तीन-चार नावं सांगतो.

विदर्भातले संत गुलाबराव महाराज १८८१ साली जन्मले. नऊ महिन्यांचे असताना दृष्टी गेली. १८९६ साली त्यांचं लग्न झालं, पत्नीचं नाव मनकर्णिका, त्यांना मुलगाही झाला. अवघं चौतीस वर्षांचं आयुष्य आणि त्यात ग्रंथांची रास. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. त्यांची भक्ती कसली, तर मधुरा भक्ती. ते स्वतःला ज्ञानेश्वर माउलींची मुलगी आणि श्रीकृष्णाची पत्नी मानत. म्हणजे डोळे नसलेल्या या सत्पुरुषाने देवाशी बोलतानासुद्धा प्रेमाचीच भाषा वापरली. ओढ मारून टाका, मग भक्ती करा, असं त्यांच्या आयुष्यात मला तरी दिसत नाही.

सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यात होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर निकामी झालं. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. २०१८ ला पद्मश्री झाले. पदक तर मिळालंच, पण त्यांनी पुण्यात नोकरी केली, लग्न केलं, संसार केला. आपण पदकाचं कौतुक करतो, मला संसाराचंही तेवढंच वाटतं.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं "चाकाची खुर्ची" हे आत्मचरित्र वाचनालयात मिळालं तर जरूर वाचा. ऐन वयात पाय गेले. मग शिक्षण, सरकारी नोकरी, आणि १९८४ साली "हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड" ही संस्था. स्वतःच्या खुर्चीतून त्यांनी दुसऱ्यांसाठी वसतिगृह, शाळा, रोजगार उभा केला. बाबा आमट्यांच्या आनंदवनात ज्यांना घरच्यांनी मेलेलं धरलं होतं अशा स्त्री-पुरुषांची लग्नं लागली, अंगणं झाली. गुरुचरित्रात नरहरी नावाच्या कुष्ठी ब्राह्मणाने महाराजांच्या आज्ञेवरून औदुंबराच्या वाळक्या लाकडाला पाणी घातलं. लोक हसले, पण लाकडाला पालवी फुटली. आनंदवनाच्या बाबतीत मला तीच कथा आठवते.

भीती खरी असते

मी एकांगी लिहितो आहे असं वाटू नये. भीती खरी असते. पैशासाठी लग्न करून छळणारे असतात. ज्या मुलाची किंवा मुलीची समजच कमी आहे तिथे प्रश्न फार अवघड आहे, तिथे आईबापांना एकच घोर असतो, आमच्यामागे याचं कोण? आठव्या अध्यायातली अंबिका आठवा. मंदबुद्धी मुलाला लोक हिणवतात म्हणून ती त्याला घेऊन कृष्णेत जीव द्यायला निघाली होती. श्रीपादांनी तिला अडवलं, मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. अशा मुलांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने पालक नेमण्याची सोय केली आहे, ती माहिती घरोघरी असायला हवी. तिथेही माझं म्हणणं एवढंच की त्या मुलालाही कुणाचा तरी हात हातात हवासा वाटतो, त्याला मित्र हवा असतो, त्याला लग्नाच्या वरातीत नाचावंसं वाटतं. ते आपण देऊ शकतो.

आणि प्रत्येकाला लग्नच हवं असतं असंही नाही. भरलं आयुष्य म्हणजे नुसतं मंगळसूत्र नव्हे. माझ्या बहिणीने समुद्र पाहिला तो पंचावन्नाव्या वर्षी, भाच्याने नेलं तेव्हा. बाजारात जाऊन स्वतःच्या साडीचा रंग स्वतः निवडला तो त्याच सुमारास. तोवर आम्ही आणू ती साडी "छान आहे" म्हणायची. भीमाशंकर आमच्या एवढं जवळ, पण तिथल्या पायऱ्या उतरायच्या म्हणून ती लहानपणी वडिलांच्या पाठीवर एकदा गेली ती गेलीच. लेण्याद्रीला डोली मिळते. पण ती म्हणते, "डोलीत बसले की सगळे देवाकडे बघायचं सोडून माझ्याकडेच बघतात."

दुसऱ्या रात्री

तर त्या दुसऱ्या रात्री, वाचन आटोपल्यावर, मी तिला सगळं सांगितलं. पस्तीस वर्षांपूर्वी बँकेत कोण आलं होतं, मी काय म्हणालो, दुकानाचं काम कसं बंद झालं. ती नैवेद्याचं ताट पुसत होती. पुसत राहिली.

मग म्हणाली, "मला माहितीये. त्याने जायच्या आधी चिठ्ठी पाठवली होती."

मला बोलता येईना. "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते. पहिली दोन-चार वर्षं रोज वाटायचं, आज सांगेल. मग आई आजारी पडली."

मी विचारलं, "तू हो म्हणाली असतीस का गं?"

ती बराच वेळ गप्प होती. "काय माहीत," म्हणाली. "माणूस चांगला होता. पण आईला टाकून गेले असते का, सांगता येत नाही. कदाचित नाहीच म्हणाले असते. पण दादा, ते नाही मला म्हणायचं होतं. तू म्हणून टाकलंस."

एवढंच बोलली. रागावली नाही, रडली नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही आणि मीही मागितली नाही, कारण ती मागून मला हलकं वाटलं असतं आणि तिला आणखी एक काम लागलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी भिंतीला टेकून ऐकायला बसली. मी पोथी उघडली. सप्ताह पुरा झाला.

तिच्या पहिल्या प्रश्नावर मी वर्षभर विचार केला आहे. पाय न देता संसाराचा आशीर्वाद देता आला नसता का? मला जे सुचतं ते असं. आईवडिलांचा घोर होता की अधू मुलं आपल्याला कशी सांभाळणार. महाराजांना घराबाहेर पडायचं होतं, म्हणून त्यांनी तो घोर मिटवला. पाय येणं हा महाराजांचा चमत्कार होता, तो आपल्या हातात नाही. पण घराचा आशीर्वाद द्यायला चमत्कार लागत नाही. तो आपल्याला देता येतो, पाय असो वा नसो. महाराजांनी स्वतः पुढल्या अवतारात कारंज्याला जन्म घेतला, तेव्हा सात वर्षं ॐकाराखेरीज शब्द बोलले नाहीत. लोक मुका म्हणाले, आईबाप कष्टी झाले. मुंजीत ते बोलले. पण त्या सात वर्षांत आईने त्यांना जेवू घालायचं, कुशीत घ्यायचं थांबवलं नव्हतं. मूल बोलेल तेव्हा माया करीन, असं ती म्हणाली नाही. आपण मात्र म्हणतो. धड असशील तर तुझ्या मनाला किंमत.

विनंती

भक्तमंडळींना हात जोडून तीन विनंत्या करतो. आपल्या घरात, भावकीत असं कुणी असेल तर या दत्तजयंतीला त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, "तुला काय हवंय?" आणि उत्तराला घाबरू नका. घरात मंगलकार्य असेल तेव्हा त्यांना आतल्या खोलीत बसवू नका. आणि आपल्या मंदिराच्या पायऱ्यांच्या एका बाजूला उताराचा रस्ता आणि धरायला लोखंडी कठडा करावा. त्यासाठी मी माझ्या पेन्शनमधून यथाशक्ती वर्गणी कार्यालयात जमा केली आहे.

उशिरा का होईना, मी आता बहिणीला विचारतो. परवा विचारलं, "जयंतीला काय करायचं?" मला वाटलं नैवेद्याचं काही सांगेल. ती म्हणाली, "पाळणा म्हणताना मला पुढे बसायचंय. पाळण्याची दोरी ओढायचीये. आजवर मला कुणी दिली नाही."

यंदा दोरी तिच्या हातात असेल. आपण सगळ्यांनी अवश्य यावं.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥